घागर महाग, टँकर स्वस्त

टंचाईच्या दिवसांत ‘टँकर कितीला पडला?’ हे सगळेच विचारतात. ‘लिटर कितीला पडला?’ हे फारसं कोणी विचारत नाही, आणि घराचा खरा हिशेब तिथेच असतो. लातूर, बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यात एकाच गल्लीत, एकाच आठवड्यात दोन शेजाऱ्यांना पाणी वेगवेगळ्या भावाने पडतं. ज्याच्या अंगणात हौद आहे तो अख्खा टँकर रिकामा करून घेतो. ज्याच्या दारात दोन ड्रम मावतात तो ड्रमच्या भावाने घेतो. भाड्याच्या एका खोलीत राहणारा जार आणि घागरीवर येतो.

भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे रीत दाखवण्यापुरते धरा आणि आपल्या गावचे घालून बघा. ५,००० लिटरचा टँकर १,००० रुपयांना मिळाला तर लिटर पडला २० पैशांना. २०० लिटरचा ड्रम ८० रुपयांना भरून घेतला तर ४० पैसे. २० लिटरचा जार ३० रुपयांना घेतला तर दीड रुपया. पाच माणसांच्या घराला दिवसाला २०० लिटर धरले तर टँकरवाल्या घराचे महिन्याला १,२०० रुपये जातात आणि ड्रमवाल्याचे २,४००. जारवर एवढं पाणी घेणं कोणालाच परवडत नाही. म्हणून ते घर पाणी कमी वापरतं: अंघोळ दिवसाआड, कपडे आठवड्याने. पैसे सर्वांत जास्त भावाने आणि पाणी सर्वांत कमी, हे दुष्काळातल्या गरिबाच्या वाट्याला येतं. दुष्काळाच्या खर्चाबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे: पावसाइतकाच हा भाव साठवणीवर ठरतो.

किती पाणी लागतं याचाही सरळ हिशेब हवा. टंचाईत सरकारी टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटर धरतात. जलजीवन मिशनचं प्रमाण ५५ लिटर आहे आणि शहरी पाणीपुरवठा योजना १३५ लिटरवर आखल्या जातात. २० लिटरमध्ये काय भागतं? प्यायला आणि स्वयंपाकाला पाचेक लिटर, अंघोळीला एक लहान बादली, भांड्यांना तीन-चार लिटर. एवढ्यात ते संपतं. संडास, कपडे, जनावरं यांची सोय त्यात नाही. म्हणजे गावात सरकारी टँकर येत असला तरी घरटी पाणी विकत घेणं थांबत नाही. ‘टँकर चालू आहे, मग विकतचं पाणी कशाला?’ असं शहरातले नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

२०१६ चा लातूरचा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पहिलं पाणी आलं, १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर. देशभर बातमी झाली. पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती, म्हणजे त्या पहिल्या फेरीचं पाणी माणशी सव्वा ते दीड लिटर झालं. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, सुमारे २५ लाख लिटरची. तरी माणशी साडेसहा लिटरच. बाकीचं बरंचसं पाणी लोकांनी खासगी बोअर, विहिरी आणि टँकरवर काढलं, स्वतःच्या खिशातून.

नळाचं पाणी आठवड्याने किंवा दहा दिवसांनी सुटतं तिथे साठवण किती लागते, ते तीन आकड्यांच्या गुणाकाराने निघतं: दिवस गुणिले माणसं गुणिले लिटर. दहा दिवस, पाच माणसं, ५५ लिटर म्हणजे २,७५० लिटर. ५०० लिटरची टाकी असलेलं घर तिसऱ्या दिवशी विकतच्या पाण्यावर येणारच. आणि टाकी मोठी असली म्हणजे भरेलच असं नाही. अर्धा इंची नळाला बरा दाब असेल तर मिनिटाला दहाएक लिटर पाणी येतं. पाणी पाऊण तास राहिलं तर ४५० लिटर झाले. दाब कमी असेल तर त्याच्याही निम्मे.

म्हणून लोक नळाला थेट टिल्लू मोटर लावतात. ती ज्याने लावली त्याची टाकी भरते आणि गल्लीच्या टोकाच्या घराचा नळ कोरडा पडतो. त्याहून वाईट म्हणजे पाइपातला दाब शून्याखाली जातो आणि जिथे जिथे गळती आहे तिथून गटारीचं पाणी आत ओढलं जातं. त्या गल्लीत पुढच्या काही आठवड्यांत जुलाब आणि काविळीचे पेशंट दिसले तर नवल वाटायला नको. दवाखान्याचं ते बिलही पाण्याच्याच खात्यात मांडलं पाहिजे. मोटर लावायचीच असेल तर नळाचं पाणी आधी जमिनीलगतच्या टाकीत आपोआप पडू द्यावं आणि त्या टाकीतून मोटरने वर चढवावं.

नगरपालिकेची पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी वर्षाची ठोक असते. पाणी दिवसाआड आलं काय किंवा दहा दिवसांनी आलं काय, ती तेवढीच. म्हणजे टंचाईच्या वर्षी घर एकाच गरजेसाठी दोनदा पैसे भरतं. पाणी नेमकं केव्हा सुटेल हे ठरलेलं नसेल तर कोणीतरी घरी थांबावं लागतं. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते, आणि ती रोजंदारीवर असेल तर त्या दिवसाचा रोज बुडतो. महिन्याला तीन रोज बुडाले तर ती रक्कम एका टँकरच्या पैशांच्या जवळ जाते. घरखर्चाच्या वहीत मात्र तिची नोंद कुठेच नसते.

आता टँकरचा भाव का चढतो ते पाहू. लोक डिझेलला दोष देतात, पण मोठं कारण फेऱ्यांचं आहे. समजा ट्रॅक्टर-टँकरचा हप्ता, ड्रायव्हर आणि देखभाल मिळून दिवसाचा ठरलेला खर्च २,४०० रुपये आहे. फेब्रुवारीत विहीर तीन किलोमीटरवर असते, दिवसाला आठ फेऱ्या होतात, फेरीमागे ३०० रुपये. एप्रिलमध्ये ती विहीर तळाला जाते आणि पाणी पंधरा किलोमीटरवरून आणावं लागतं. तिथे भरायला रांग असते, शिवाय वीज ठरावीक तासच असते. फेऱ्या चारवर येतात आणि तोच खर्च फेरीमागे ६०० होतो. डिझेल आणि विहीरवाल्याचे पैसे वेगळेच. म्हणून गल्लीतल्या लोकांनी एकत्र मागणी करून १०,००० किंवा १२,००० लिटरचा टँकर मागवला तर लिटरचा भाव हमखास खाली येतो: फेरी एकच, ड्रायव्हर एकच. अडचण येते ती उतरवून घ्यायला जागा नसण्याची. चार घरांनी मिळून एक सामायिक टाकी बसवली तर तिचा खर्च काही उन्हाळ्यांत निघू शकतो. टाकीखाली वाळू पसरलेला सपाट, भक्कम ओटा घ्या. उंचसखल जागेवर प्लास्टिकची टाकी भरल्यावर तळाशी तडकते.

टँकर पूर्ण मिळाला का, हे मोजता येतं, आणि मोजावंच. हौदाची लांबी-रुंदी फुटांत घ्या. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. ८ बाय ६ फुटांचा हौद असेल तर पाणी एक इंच चढलं की ११३ लिटर आले. ५,००० लिटरला पातळी ४४ इंच चढली पाहिजे. एका सरळ काठीवर इंचाच्या खुणा करून ठेवा, टँकर येण्याआधी आणि गेल्यानंतर बुडवून बघा. ४० इंचच भरले तर ४७० लिटर कमी आले. दर वेळी ती लबाडीच असते असं नाही. टँकर उतारावर उभा असला तर तोटीच्या पातळीखालचं पाणी आत राहतं, व्हॉल्व्ह आणि पाइपाच्या जोडातून रस्ताभर गळतं, भरताना वरचं झाकण उघडं असलं तर हिंदकळून सांडतं. टँकर तोटीच्या बाजूला किंचित कलेल असा उभा करायला सांगा. आणि पाणी उतरवून घेण्याआधी पहिली बादली बघा: गाळ, तेलाचा तवंग किंवा वास असेल तर हौदात सोडू नका. हौदातलं आधीचं चांगलं पाणीही त्याने जातं.

टँकरचं पाणी पिण्याआधी क्लोरिन घालायलाच हवं. चांगल्या प्रतीची, ताजी ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे ५,००० लिटरला साडेबारा ग्रॅम. पावडर थेट हौदात टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ हौदात ओता आणि तासभर थांबा. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन गाळातच खर्च होतं, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळून घ्या. नुसत्या तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू मरत नाहीत. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेल्या पावडरीत दम राहत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचं साहित्य असतं. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे.

साठवण आली की डास येतात. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याला कोरडा दिवस पाळा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून सुकवा, असं आरोग्य खातं सांगतं, पण विकतचं पाणी ओतून द्यायला कोणाचा हात होत नाही. ते ओतायची गरजही नाही. पाणी दुहेरी कापडाने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रिकाम्या ड्रमच्या आतल्या बाजू घासून काढा, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात, ड्रम उन्हात सुकवा आणि तेच पाणी परत भरा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा किंवा तोंडाला जाळी बांधा.

बोअरबद्दल जरा सविस्तर, कारण घरं बुडतात ती यात. पाणी असलेलं बोअर सर्वांत स्वस्त, यात वाद नाही. २०० फुटांवरून १,००० लिटर पाणी उपसायला, पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तर, सुमारे ०.४ युनिट वीज लागते. ५०० फुटांवरून साधारण एक युनिट. वीजबिल हा इथला मोठा खर्च नव्हेच. खर्च आहे खोदाईचा, केसिंगचा, केबल-पाइपाचा आणि जळालेली मोटर पुन्हा भरून घेण्याचा. खोदाईचा भाव फुटावर असतो आणि ठरावीक खोलीनंतर दर फुटाला वाढत जातो. बोअर कोरडं गेलं तरी पैसे तेवढेच.

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्यात पाणी वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत असतं. खाली अखंड खडक लागला की आणखी ३०० फूट गेल्याने पाणी लागेलच याची कसलीही खात्री नाही. लागलंच तर ते पुष्कळदा जुनं साठलेलं असतं आणि दोन उन्हाळ्यांत संपतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधन आहे, ते याच कारणाने. खोदण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. शेजारची चार बोअर किती खोल आहेत आणि मार्चनंतर किती वेळ चालतात हेही विचारा. नारळ फिरवून जागा दाखवणाऱ्याला दिलेले पैसे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालू बोअर आटायला लागलं की पाणी दम खात येतं. अशा वेळी मोटर सलग चालवली तर ती कोरडी फिरते आणि जळते. पंधरा मिनिटं चालवा, तासभर थांबा. स्टार्टरला ड्राय रन संरक्षण, म्हणजे कोरडी फिरू लागताच मोटर बंद करणारी सोय, बसवून घ्या. ते जळालेली मोटर एकदा भरून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

खोल बोअरचं पाणी बहुधा जड असतं, आणि जड पाणी स्वयंपाकघरात पैसे खातं. डाळ शिजत नाही, कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या जास्त लागतात, गॅस जास्त जातो. साबणाला फेस येत नाही म्हणून पावडर जास्त पडते. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो, पाणी तापायला वेळ लागतो, शेवटी कॉइल जाते. डाळ-भातापुरतं गोडं पाणी वेगळं ठेवलं तर हा खर्च बराच आटोक्यात येतो.

आरओ लावणाऱ्यांनी त्याचं सांडपाणी मोजावं. शुद्ध पाण्याची आणि सांडपाण्याची नळी दहा मिनिटं दोन वेगळ्या भांड्यांत सोडा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जाताना दिसतील. दिवसाला २० लिटर शुद्ध पाणी काढणारं घर ४० ते ६० लिटर टँकरचं पाणी मोरीत सोडतं. ते भांड्यांचा पहिला हात, फरशी आणि संडासाला वापरा, कुंड्यांना नको. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या आत पाणी असेल आणि फ्लोराइड, नायट्रेट ठीक असतील तर आरओची गरजच नाही, जंतू मारणारं साधं यूव्ही यंत्र पुरतं. कूलरही असाच: कोरड्या उन्हात मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. दुपारी आठ तास चालला तर एका माणसाच्या दिवसाच्या पाण्याहून जास्त.

बाजारातली महागाई मात्र एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येते, आणि तो क्रम माहीत असला तर तयारी करता येते. सर्वांत आधी पालेभाजी: मेथी, कोथिंबीर, पालक महिन्याभराची पिकं, विहीर आटली की पंधरा दिवसांत बाजारातून कमी होतात. त्यानंतर दूध.

दुधाचं मूळ ज्वारीत आहे. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात. सप्टेंबर कोरडा गेला की पेरणीच होत नाही, आणि मग भाकरीची ज्वारी आणि जनावराचा कडबा दोन्ही एकदमच जातात. कडब्याचा भाव शेकडा पेंढीवर असतो. जानेवारीतला भाव बघितला की उन्हाळ्यात दुधाचं काय होणार ते कळतं. हिरवा चारा नसला की दूध घटतं, नुसत्या उसाच्या वाढ्यावर जनावर जगतं पण दूध देत नाही. २०१९ च्या चारा छावण्यांत मोठ्या जनावराला दिवसाला १८ किलो हिरवा चारा धरला होता. दोन गाईंच्या घराला तेवढा चारा आणि सरकी पेंड विकत घ्यायची म्हटली तर दुधाच्या पैशांत ते भागत नाही. मग जनावर बाजारात जातं, आणि त्या दिवसांत सगळ्यांचीच जनावरं बाजारात असल्याने मातीमोल जातं. पाऊस पडल्यावर परत घ्यायला दुप्पट पैसे लागतात. ज्यांना कोणत्याही प्रकारे जमेल त्यांनी दिवाळीच्या आसपासच कडबा भरून ठेवावा किंवा मक्याचा मुरघास, म्हणजे मुरवून टिकवलेला हिरवा चारा, करावा.

कांदा त्यानंतर. उन्हाळी कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि चाळीत साठवून दिवाळीपर्यंत खातात. त्या हिवाळ्यात विहिरीला पाणी नसेल तर टंचाई दिसते ती पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा दारात पाऊस पडत असतो. तूर सर्वांत उशिरा. ती जूनमध्ये पेरतात, डिसेंबर-जानेवारीत काढतात. २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ कमी गेले आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात पोचली. पाऊस कमी झालेल्या वर्षी वर्षाची डाळ मार्चमध्येच, नवी तूर बाजारात असताना, भरून ठेवणं शहाणपणाचं.

सरकारकडून जे मिळतं ते मागितल्याशिवाय हातात पडत नाही. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत होतो. टँकर हा त्यातला शेवटचा उपाय, त्याआधी खासगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित करतात. ग्रामपंचायतीचा ठराव आणि प्रस्ताव पंचायत समितीत जातो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी होते. ठराव मार्चऐवजी जानेवारीत केला तर गावाचे विकतच्या पाण्याचे दोन महिने वाचू शकतात. प्रस्तावात लोकसंख्येबरोबर वाड्या-वस्त्या आणि जनावरांचा आकडाही लिहा. टँकर आला की फेऱ्यांच्या नोंदवहीवर सही करणारा माणूस रोज हजर ठेवा.

दुष्काळ जाहीर झाला की आठ सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर आणि टंचाईच्या गावांत कृषिपंपाची वीज न तोडणं. २०२३ मध्ये ३१ ऑक्टोबरला ४० तालुके जाहीर झाले आणि नंतर इतर तालुक्यांतली शेकडो महसूल मंडळं, म्हणजे तालुक्यातल्या गावांचे गटही, त्यात आली. तेव्हा आपला तालुका यादीत नाही म्हणून सोडून देऊ नका, तलाठ्याकडे आपल्या मंडळाचं नाव तपासा. परीक्षा शुल्क बऱ्याचदा आधीच भरलेलं असतं आणि नंतर परत मिळतं. त्यासाठी भरल्याची पावती, विद्यार्थ्याचं किंवा पालकाचं बँक खातं आणि गाव त्या मंडळात असल्याचा पुरावा लागतो. शाळेने खात्याची माहिती मागवली नसेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.